प्लस मेझपासून स्विम टेस्टपर्यंत: चिंता आणि नैराश्यावरच्या औषधांच्या वर्तन चाचण्या नीट कशा लावाव्यात

प्लस मेझमध्ये, म्हणजे उंचावर बसवलेल्या अधिकच्या चिन्हासारख्या चार पट्ट्यांवर, डायझेपाम हे चिंताशामक औषध दिलेला माउस ओपन आर्मवर, म्हणजे भिंत नसलेल्या पट्टीवर, जास्त वेळ काढतो आणि आपण वहीत लिहितो, 'चिंता कमी'. डोस पाचपट केला की तोच माउस मध्यभागी फतकल मारून बसतो. तेव्हा काय लिहायचं? घड्याळाने दोन्ही वेळा नुसते सेकंद मोजलेले असतात. या क्षेत्रातल्या जवळपास सगळ्या चाचण्यांचं हेच आहे: मोजायची जागा, हालचाल आणि वेळ, आणि बोलायचं मात्र मनाबद्दल. म्हणून निम्मी मेहनत एकाच प्रश्नावर खर्च व्हायला हवी. आकडा बदलला तो औषधाच्या अपेक्षित परिणामामुळेच ना? पाय जड झाले, हात अनोळखी होता, आधीच्या प्राण्याचा वास राहिला, दिवा बदलला, यातल्या कशानेही आकडा हलतो.

शब्दांबद्दल एक खुलासा. मराठीत माउस आणि रॅट दोघांनाही उंदीर म्हणून भागतं, इथे भागणार नाही. लहान तो माउस (अनेक असले की माइस), मोठा तो रॅट. मापं वेगळी, डोस वेगळे, काही चाचण्या तर एकाला चालतात आणि दुसऱ्याला चालतच नाहीत.

चाचणीच्या आधीचे दिवस

प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. मंजुरीच्या अर्जातच गटातल्या प्राण्यांची संख्या, ती कशी काढली, कोणत्या लक्षणांवर प्राणी चाचणीतून बाहेर काढायचा आणि कोणता डेटा वगळायचा हे लिहून टाका. वगळण्याचे नियम आकडे पाहिल्यावर ठरवले की ते नियम राहत नाहीत.

बाहेरून आलेल्या प्राण्यांना किमान सात दिवस स्थिरावू द्या. एका पिंजऱ्यात तीन-चार ठेवा. एकटा ठेवलेला प्राणी वेगळा वागतो. चाचणीआधी तीन ते पाच दिवस, रोज दोन-तीन मिनिटं, ज्याच्या हातून डोस जाणार आहे त्यानेच प्राणी हाताळावेत. शेपटीने उचलू नका. हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० साली दाखवलं की शेपटीने उचललेले माइस चाचणीत जास्त बुजरे निघतात, नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले कमी. चाचणी चिंतेची आणि ती सुरू व्हायच्या आधीच आपण चिंता घालून ठेवायची, याला काय अर्थ?

माणूसही मध्ये बदलू नका. २०१४ मध्ये सोर्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासानेही माइस आणि रॅट दोघांमध्ये ताणाचा प्रतिसाद उमटतो. त्याआधी, १९९९ साली, क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी तीन प्रयोगशाळांमध्ये तेच स्ट्रेन (प्राण्यांचे ठराविक वाण), तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून चाचण्या घेतल्या, तरी निकाल जागेनुसार बदलले, आणि प्लस मेझमध्ये हा फरक ठळक होता. मतितार्थ असा की दुसऱ्याच्या पेपरमधले सेकंद तुमच्या खोलीत येतीलच असं नाही. तुमचा स्वतःचा व्हेइकल गट, म्हणजे औषधाशिवाय नुसतं द्रावण दिलेला गट, हाच तुमचा मापदंड.

चाचणीच्या दिवशी प्राणी चाचणीच्या खोलीत ४५ ते ६० मिनिटं आधी आणून ठेवा. सगळे गट त्याच वेळेच्या पट्ट्यात घ्या. सकाळी व्हेइकल आणि दुपारी औषध अशी वाटणी करू नका. एकाच पिंजऱ्यातल्या प्राण्यांमध्ये वेगवेगळे डोस वाटा. पूर्ण पिंजराच एका डोसला दिला तर पुढे मिळणारा फरक डोसचा की पिंजऱ्याचा, हे कोणतंच गणित सांगू शकत नाही. सिरिंजवर कोड दुसऱ्याने टाकावेत आणि व्हिडिओ पाहून गुण देणाऱ्याला ते ठाऊक नसावेत.

डोस भरताना

माउसला पोटात इंजेक्शनने द्यायच्या द्रावणाचं प्रमाण साधारण १० मिली प्रति किलो धरतात, म्हणजे २५ ग्रॅमच्या माउसला ०.२५ मिली. इमिप्रामिन हायड्रोक्लोराइड आणि फ्लुओक्सेटिन हायड्रोक्लोराइड ही नैराश्यावरची औषधं पाण्यात विरघळतात, त्यांचा त्रास नाही. फक्त डोस क्षाराचा मोजला की मूळ रेणूचा, हे लिहून ठेवा.

घात होतो तो डायझेपामवर. १ मिग्रॅ/किग्रॅसाठी ०.१ मिग्रॅ/मिली द्रावण लागतं. अँप्युल ५ मिग्रॅ/मिलीचा, म्हणून कोणीतरी तो सलाइनमध्ये पन्नासपट पातळ करतो आणि द्रावण दुधाळ होतं. डायझेपाम पाण्यात जवळपास विरघळत नाही. अँप्युलमध्ये ते प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि अल्कोहोलच्या आधारावर टिकून असतं, सलाइन ओतलं की तो आधार सुटतो. मग पहिल्या माउसला मिळतं वरचं निवळ पाणी आणि शेवटच्याला तळाचा गाळ. शुद्ध भुकटी घेऊन थोड्या ट्वीन ८० मध्ये (न विरघळणारे कण पाण्यात पसरवणारा पदार्थ) घोटून सस्पेन्शन करा, प्रत्येक सिरिंज भरण्याआधी हलवा, त्याच दिवशी वापरा. व्हेइकल गटालाही तेवढंच ट्वीन ८० असलेलं द्रावण द्या, नुसतं सलाइन नको. अँप्युलच वापरायचा ठरला तर त्यातल्या ग्लायकॉल आणि अल्कोहोलचं प्रमाण व्हेइकलमध्ये उतरवावं लागेल.

एलिव्हेटेड प्लस मेझ

रॅटसाठी ही चाचणी पेलो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पडताळली, माउससाठी लिस्टर यांनी १९८७ मध्ये. माउसच्या मेझची आर्म ३० × ५ सेंमी, बंद आर्मच्या भिंती १५ सेंमी, जमिनीपासून उंची ४० ते ५० सेंमी. रॅटसाठी आर्म ५० × १० सेंमी, भिंती ४० सेंमी, उंची ५० सेंमी. ओपन आर्मच्या कडेला तीन ते पाच मिलिमीटरची उठलेली किनार असू द्या. तिच्यामुळे घसरून पडणारे माइस बरेच कमी होतात.

दिवे लावल्यावर चारही आर्मच्या टोकांवर लक्स मीटर धरा. दोन ओपन आर्ममध्ये प्रकाश सारखा नसेल तर माउस अंधाऱ्या बाजूलाच जाईल आणि तुम्हाला ते 'ओपन आर्म' म्हणून मोजावं लागेल. प्रकाश फार कमी ठेवला तर व्हेइकल गटच उघड्यावर भटकतो, औषधाला सुधारायला जागा उरत नाही. फार प्रखर ठेवला तर कोणीच बाहेर येत नाही. आधी काही नग घेऊन प्रकाश बसवा, मग तो हलवू नका.

इंजेक्शननंतर ३० मिनिटांनी माउसला मध्यावर, तोंड एका ओपन आर्मकडे करून ठेवा, आणि खोलीबाहेर किंवा पडद्यामागे जा. वेळ पाच मिनिटं. चारही पाय आत गेले की 'प्रवेश' धरायचा. व्हिडिओ सॉफ्टवेअर बहुधा शरीराचा मध्यबिंदू धरतं, त्यामुळे हाताने केलेली मोजणी आणि सॉफ्टवेअरची मोजणी एकाच तक्त्यात मिसळू नका. काळ्या मेझवर काळा माउस सॉफ्टवेअरला सापडत नाही, हे तर मेझ विकत घ्यायच्या आधीच ध्यानात यायला हवं.

टक्केवारी काढताना छेद काय घेता तेही लिहा. समजा ओपन आर्मवर ४५ सेकंद, क्लोज्डमध्ये १९५, मध्यावर ६०. ओपन भागिले ओपन अधिक क्लोज्ड केलं तर १८.७५ टक्के येतात. पूर्ण ३०० सेकंदांनी भागलं तर १५. दोन्ही पद्धती वापरात आहेत आणि न सांगता वापरल्या जातात.

आता पहिल्या परिच्छेदातल्या फतकल मारलेल्या माउसकडे. क्लोज्ड आर्ममधले प्रवेश हा हालचालीचा मापक म्हणून वापरा. समजा व्हेइकल गटात ते सरासरी १० आहेत. १ मिग्रॅवर ओपन आर्मची टक्केवारी वाढली आणि क्लोज्ड प्रवेश १० च्या आसपास राहिले, तर निकाल स्वच्छ आहे. ५ मिग्रॅवर क्लोज्ड प्रवेश ३ वर आले तर टक्केवारी काहीही म्हणो, तो आकडा गुंगीचा आहे. उलट, उत्तेजक औषधाने दोन्हीकडचे प्रवेश वाढले तर तेही चिंताशामक ठरत नाही.

सेकंदांपलीकडेही पाहा. भेदरलेला माउस मागचे पाय बंद आर्मच्या आत रोवून अंग रबरासारखं लांबवतो, नाक उघड्या पट्टीवर नेतो, मिशा थरथरतात, आणि झटकन मागे ओढून घेतो. ही ताणून केलेली चाचपणी. चिंताशामक औषधाने ती घटते, आणि ओपन आर्मच्या कडेवरून खाली डोकावणं वाढतं. हे दोन आकडे स्वतंत्र रकान्यात ठेवले तर पुष्कळदा टक्केवारीपेक्षा ते जास्त बोलतात.

तोच प्राणी पुन्हा मेझवर घालू नका. एकदा मेझ पाहिलेल्या प्राण्यावर बेन्झोडायझेपिनचा (डायझेपामच्या गटातल्या औषधांचा) चिंताशामक परिणाम दुसऱ्या वेळी दिसत नाही. पहिल्या वेळी औषध दिलेलं नव्हतं तरीही. 'आधी औषधाशिवाय, मग औषधासह' अशी मांडणी इथे म्हणूनच कोसळते. एसएसआरआय (फ्लुओक्सेटिनसारखी सेरोटोनिनवरची औषधं) एका डोसमध्ये प्लस मेझवर चिंता कमी केल्याचं दाखवत नाहीत, कधी वाढलेलीच दिसते, आणि बुस्पिरोन या वेगळ्या गटातल्या चिंताशामकाचे निकाल एका प्रयोगशाळेत एक, दुसरीत दुसरे. ही चाचणी घडली ती बेन्झोडायझेपिनच्या मापाने, हे नवा रेणू तपासताना लक्षात असू द्या.

प्रत्येक प्राण्यानंतर लेंड्या आणि मूत्र पुसून ७० टक्के अल्कोहोलने मेझ स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या अल्कोहोलचा वास हाही एक वासच. पहिल्या प्राण्याच्या आधीही पुसा, नाहीतर त्या एकट्यालाच बिनवासाचा मेझ मिळतो.

लाइट-डार्क बॉक्स आणि ओपन फील्ड

क्रॉली आणि गुडविन यांची १९८० सालची लाइट-डार्क चाचणी सोपी आहे: खोक्याचा सुमारे एक तृतीयांश भाग अंधारा आणि झाकलेला, उरलेला उजेडाचा, मध्ये एक छोटं दार, पाच ते दहा मिनिटं. उजेडातला वेळ आणि दारातून केलेल्या फेऱ्या, दोन्ही मोजा. पांढरे, लाल डोळ्यांचे माइस प्रखर प्रकाशाला वेगळा प्रतिसाद देतात. त्यांची तुलना काळ्या स्ट्रेनशी करू नका.

ओपन फील्ड, हॉल यांनी १९३४ मध्ये आणलेली, आज मुख्यतः साक्षीदार म्हणून कामाची. माउससाठी ४० × ४० सेंमीचं मैदान पुरतं. मध्यभागातला वेळ चिंतेचा मापक म्हणून कच्चा आहे, पण एकूण कापलेलं अंतर हवंच. पुढे टेल सस्पेन्शन किंवा स्विम टेस्टमध्ये काही सापडलं तर त्याच डोसवर, डोसनंतर तितक्याच मिनिटांनी घेतलेलं हे अंतर सोबत दाखवायचं असतं.

टेल सस्पेन्शन आणि फोर्स्ड स्विम

पहिलीत माउसला शेपटीने टांगतात, दुसरीत प्राण्याला बाहेर पडता येणार नाही अशा पाण्यात सोडतात. दोन्ही चाचण्यांमध्ये प्राणी धडपडतो, मग थांबतो. नैराश्यावरची औषधं थांबण्याचा वेळ घटवतात. थांबणं म्हणजे खिन्नता, असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. मोलेन्डाइक आणि द क्लूट यांनी २०१५ मध्ये मांडलं की ते ताणाशी जुळवून घेण्याचं, शक्ती राखण्याचं शिकलेलं वर्तन आहे, आणि हे म्हणणं जास्त पटतं. शिवाय माणसात परिणामाला काही आठवडे लागतात, इथे एका डोसमध्ये आकडा हलतो. तेव्हा या चाचण्यांना औषध ओळखण्याची चाळणी म्हणा. आजाराचं मॉडेल म्हणू नका. प्राण्याला होणारा त्रास पाहून काही ठिकाणी दारंही बंद झाली आहेत: ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने २०२४ मध्ये स्विम टेस्टवर बंदी आणली. दुसरा मार्ग असेल तर तो आधी पाहा.

टेल सस्पेन्शन, १९८५ साली स्टेरू आणि सहकाऱ्यांनी मांडलेली, माउससाठीच आहे. रॅटचं वजन शेपटीला पेलत नाही. चिकटपट्टी शेपटीच्या टोकाच्या अलीकडे लावा, टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. नाक खालच्या पृष्ठभागापासून २० ते २५ सेंमी वर, बाजूच्या भिंतीला पंजा लागणार नाही असं. सहा मिनिटं. झोके फक्त जुन्या धडपडीचे असतील तर ते 'थांबलेला' म्हणूनच मोजायचे, यावर दोन मोजणाऱ्यांचं आधी एकमत करून घ्या.

सी५७बीएल/६ या काळ्या स्ट्रेनचे माइस स्वतःची शेपटी धरून वर चढतात आणि वरच आरामात बसून राहतात. तो वेळ थांबण्यात धरला तर औषध बिनकामाचं ठरतं, धडपडीत धरला तर जादुई. शेपटीवर सुमारे चार सेंमी लांबीची हलकी, पारदर्शक, पोकळ प्लास्टिक नळी ओवली की चढणं थांबतं. नळी व्हेइकल गटासकट सगळ्यांना घाला. शेवटी पट्टी ओरबाडू नका, कातडी निघते. कात्रीने कापा किंवा हलकेच सोलून काढा.

फोर्स्ड स्विम पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये आणली. माउससाठी सुमारे २० सेंमी व्यासाचं, ३० सेंमी उंच पारदर्शक सिलिंडर आणि १५ सेंमी पाणी. शेपटी तळाला टेकली तर माउस तिच्यावर तोल सावरून उभा राहतो आणि तुमची चाचणी संपली. वेळ सहा मिनिटं, मोजायची शेवटची चार. रॅटला मात्र पहिल्या दिवशी १५ मिनिटं पोहवून २४ तासांनी ५ मिनिटांची चाचणी घेतात, आणि डोस चाचणीच्या २३.५, ५ आणि १ तास आधी असे तीन.

पाणी २४-२५ अंश सेल्सियसवर ठेवा आणि प्रत्येक प्राण्याआधी थर्मामीटर बुडवून पाहा. सकाळी भरून ठेवलेलं पाणी दुपारी खोलीच्या तापमानाला गेलेलं असतं, आणि पाण्यासोबत थांबण्याचा वेळही हलतो. पाणी दर वेळी बदला; आधीच्या प्राण्याने भीतीत सोडलेला वास पुढच्याचं वर्तन बदलतो. शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये अपारदर्शक पडदा हवा. चाचणी चालू असताना नजर हटवू नका, डोकं पाण्याखाली गेलं तर लगेच बाहेर काढा. नंतर टॉवेलने कोरडं करून उबदार पिंजऱ्यात ठेवा आणि कोरडा झाल्यावरच सोबत्यांकडे सोडा.

'थांबलेला' म्हणजे डोकं वर ठेवण्यापुरतीच हालचाल. मागचा एक पंजा अधूनमधून हलतो, तेही थांबणंच. रॅटमध्ये डेटके आणि लकी यांच्या १९९५ च्या पद्धतीने पाणी ३० सेंमी ठेवून दर पाच सेकंदांनी चढणं, पोहणं, थांबणं यांपैकी एक नोंदवा. पाच मिनिटांत ६० नोंदी होतात. नॉरअ‍ॅड्रेनालिनवर काम करणारी औषधं चढणं वाढवतात, सेरोटोनिनवरची पोहणं. नुसता थांबण्याचा वेळ मोजला तर ही माहिती हातची जाते. हे भेद वरच्या कॅमेऱ्यातून दिसत नाहीत, कॅमेरा बाजूने लावा.

कॅफिन आणि अ‍ॅम्फेटामिन दोन्ही चाचण्यांमध्ये थांबणं घटवतात, कारण त्यांनी प्राणी सगळीकडेच धावतो. ओपन फील्डमधलं अंतर इथे कामाला येतं.

ज्यांना आठवडे लागतात

सुक्रोज प्रेफरन्स, म्हणजे साध्या पाण्यापेक्षा साखरेचं पाणी किती पसंत पडतं ते मोजणारी चाचणी, वाचायला सोपी, करायला कटकटीची. १ टक्का सुक्रोजची एक बाटली, साध्या पाण्याची एक, आधी दोन दिवस दोन्हीची सवय. मग २४ तास मोजणी, १२ तासांनी बाटल्यांच्या जागा अदलाबदल, कारण काही प्राणी एकाच कोपऱ्यातून पितात. बाटल्या वजनाने मोजा. समजा सुक्रोज ६ ग्रॅम गेलं आणि पाणी २, तर पसंती ७५ टक्के. पण यातलं किती नुसतं ठिबकलं? एक रिकामा पिंजरा तशाच दोन बाटल्यांसह ठेवा आणि त्यातली घट सगळ्यांमधून वजा करा. द्रावण रोज ताजं, साखरेत बुरशी लवकर धरते. एकूण पिणंही दाखवा. औषधाने तहानच कमी केली असेल तर टक्केवारी फसवी ठरते. एका पिंजऱ्यात चार प्राणी एकाच बाटलीतून पीत असतील तर गणितासाठी तो एक नग, चार नव्हेत.

नॉव्हेल्टी सप्रेस्ड फीडिंगमध्ये २४ तास उपाशी प्राण्याला अनोळखी, उजेडाच्या खोक्यात सोडतात, मध्यभागी पांढऱ्या कागदावर खाद्याची गोळी. मोजायचा तो पहिल्या चाव्यापर्यंतचा वेळ. हुंगणं, पंजा लावणं हे चावणं नव्हे. वेळ दहा मिनिटं, आणि लगेच स्वतःच्या पिंजऱ्यात पाच मिनिटांत किती खाल्लं तेही, म्हणजे भुकेचा फरक वेगळा काढता येतो. फ्लुओक्सेटिन इथे एका डोसने नाही, तीन-चार आठवड्यांच्या डोसने काम करतं, आणि या चाचणीची खरी किंमत तीच. जे दहा मिनिटांत खातच नाहीत त्यांना ६०० सेकंद देऊन सरासरी काढू नका; कॅप्लान-मायर आलेख आणि लॉग-रँक (घटना घडेपर्यंतच्या वेळेसाठीच्या सांख्यिकी पद्धती) वापरा.

क्रम, आणि बेसलाइन

एकाच प्राण्यावर अनेक चाचण्या घ्यायच्या असतील तर कमी त्रासाची आधी: ओपन फील्ड, प्लस मेझ, लाइट-डार्क, मग टेल सस्पेन्शन, आणि स्विम टेस्ट अगदी शेवटी. मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवा, आठवडा असेल तर उत्तम. गणितात अनेक डोस एका व्हेइकलशी ताडायचे असतील तर एकमार्गी अनोव्हानंतर (अनेक गटांच्या सरासरींची एकत्र तुलना) डनेट चाचणी, जी प्रत्येक डोस व्हेइकलशी ताडते. प्रत्येक जोडीला स्वतंत्र टी-टेस्ट लावत बसू नका. अहवाल लिहिताना २०२० च्या अराइव्ह २.० ची (प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या अहवालासाठीच्या मार्गदर्शक सूचना) यादी शेजारी उघडी ठेवा.

नवा रेणू तपासण्याआधी व्हेइकल आणि ओळखीचं औषध एवढेच दोन गट चालवून पाहा. माउसच्या स्विम टेस्टमध्ये २४० सेकंदांपैकी व्हेइकल गट ४० सेकंदच थांबत असेल तर कोणतंही औषध ते आणखी खाली आणू शकणार नाही. पाणी, स्ट्रेन, उजेड यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. इमिप्रामिन २० ते ३० मिग्रॅ/किग्रॅने थांबण्याचा वेळ घटत नसेल तर आधी डोस देणारा हात आणि द्रावण तपासा, मग स्ट्रेन. व्हेइकल गटाचे सेकंद तारखेप्रमाणे एकाच आलेखावर मांडत चला. बेडिंगचा (पिंजऱ्यातल्या अंथरुणाचा) पुरवठादार बदलला, ट्यूबलाइट नवी बसली किंवा हाताळणारा माणूस बदलला, तर तो आठवडा त्या रेषेवर दिसतो.